दहा वाजताची निसर्गफेरी

पक्षी पाहायचे तर पहाटे उठा, असं पक्षिनिरीक्षण शिकवणारा कुणीही सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या जंगलकाठच्या गावांत हा सल्ला कामाचा नाही. तिथल्या जिल्हा परिषद शाळांची निसर्गफेरी उन्हं चांगली वर आल्यावर, सकाळी दहाच्या सुमारास निघते आणि दुपारच्या खिचडीपर्यंत परत येते. पहाट आणि दिवेलागण या वेळा वाघाच्या, बिबट्याच्या, अस्वलाच्या. त्या वेळी पोरं घरात पाहिजेत, हे इथे शिक्षकांना कुठल्या परिपत्रकातून कळवावं लागत नाही.

दहाला पक्षी बरेचसे गप्प झालेले असतात. टिटवी ओरडते, कोतवाल तारेवर बसलेला दिसतो, एखादा वेडा राघू किडा पकडून परत त्याच फांदीवर येतो. बाकी रान मुकाट. त्यामुळे इथली मुलं प्राण्यांपेक्षा त्यांच्या खुणा जास्त पाहतात. चिखलातले पाय, विष्ठा, झाडाच्या सालीवरचे ओरखडे, गळालेली पिसं, उकरलेली वारुळं. नाइलाजातून सुरू झालेली ही पद्धत अभ्यास म्हणून मला फार वरची वाटते. समोर दिसलेला प्राणी बघून होतो. खुणेवर मात्र विचार करावाच लागतो.

संपादकांनी ‘शाळेबाहेरची शाळा’ हा विषय दिला तेव्हाच ठरवलं होतं, की शहरातल्या मुलांची जंगल सहल पाहायची नाही. ज्यांच्या घरामागून वाघ जातो, त्या मुलांना शाळा जंगलातलं नेमकं काय दाखवते, ते पाहायचं. म्हणून ताडोबाच्या बफरमधली, ब्रह्मपुरी पट्ट्यातली आणि वैनगंगेपलीकडच्या गडचिरोलीतली गावं निवडली.

बांधीतला पाय

दिवाळीच्या आसपास या भागात हलका धान कापून झालेला असतो, भारी धान अजून उभा असतो. कापलेल्या बांधीत ओल टिकून असते आणि त्या ओलीत रात्रीची सगळी ये-जा उमटते. सहावी-सातवीची वीसेक मुलं धुऱ्यावरून रांगेनं चालली होती. पुढे गुरुजी, मागे गावातला एक वनमजूर, हातात काठी. एका बांधीच्या कोपऱ्यात रांग थांबली.

पाय मोठा होता. एक मुलगा म्हणाला, कुत्र्याचा. सातवीतली एक मुलगी उकिडवी बसली, बोटानं न टेकवता पायाच्या वरून हवेतच रेघ काढली आणि म्हणाली, “नाही जी सर. कुत्र्याचे नखं दिसतात. वाघ नखं आत ठेवते.” मग तिनं मागची गादी दाखवली. गादीच्या मागच्या कडेला तीन उंचवटे स्पष्ट होते. चार बोटं, नखं नाहीत, गादी रुंद. बिबट की वाघ, यावर थोडा वाद झाला. गुरुजींनी खिशातली पट्टी काढून रुंदी मोजायला लावली आणि तो मिटला. पट्टेदारच.

पुठ्ठ्याची पट्टी वाकवून पायाभोवती कडं केलं गेलं. प्लास्टर ऑफ पॅरिसची पूड पाण्यात कालवताना ती फार पातळ होऊ नये यासाठी दोघांची झटापट चालली होती. मिश्रण थेट पायावर न ओतता कडेनं हळूहळू सोडायचं, नाहीतर ओतण्याच्या धारेनं बोटांच्या कडा मोडतात. मग ते घट्ट होईपर्यंत थांबायचं. या सगळ्या वेळात एक गोष्ट माझ्या नजरेत भरली. मुलं खाली वाकलेली होती, पण चार जण चार दिशांना तोंड करून, पाठी आत ठेवून उभे होते. त्यांना कुणी सांगितलेलंही दिसलं नाही; पाळी ठरलेली होती. थोड्या वेळानं उभे असलेले खाली बसले, बसलेले उभे राहिले.

त्यामागचं कारण इथलं प्रत्येक पोरगं सांगतं. वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. मोहफूल वेचणारी किंवा तेंदूची पानं तोडणारी बाई तासन्‌तास वाकून काम करते, लक्ष जमिनीवर असतं, उंची चितळाएवढी झालेली असते. मार्च ते मे या काळात हल्ले वाढतात त्याचं एक मोठं कारण हेच. २०२५च्या मे महिन्यात सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्त्याला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी मारल्या गेल्या. एकट्यानं जाऊ नका, बोलत राहा, मधूनमधून ताठ उभे राहा, एकानं तरी पहारा द्या, असं वनविभाग वर्षानुवर्षं सांगतो आहे. मोठी माणसं ऐकतात आणि कामाच्या घाईत विसरतात. शाळेच्या फेरीत ती सवय अंगवळणी पडत असेल, तर माझ्या लेखी साच्यात ओतलेल्या पायापेक्षा तिचं मोल जास्त आहे.

पाय ज्याला आधी दिसला होता तो मुलगा वेगळाच. त्याचे वडील बांधीवर जागलीला जातात, मचाणावर रात्र काढतात; हाही सुट्टीत सोबत असतो. रानडुक्कर कुठून शिरतं, चितळ कसं भुंकतं, वानर खाकरलं की बिबट कुठल्या अंगाला असतो, हे त्याला तोंडपाठ. रोही रोज एकाच जागी लेंड्या टाकतो आणि त्याचा ढीग होतो, हे त्यानं आम्हाला नेऊन दाखवलं. वर्गात त्याचं वाचन अडखळतं. निरीक्षणवहीत त्यानं स्वतः लिहिलेल्या ओळी तीनच होत्या, पण शेजारच्या मुलींच्या वह्यांतली निम्मी माहिती त्याच्या तोंडची होती, आणि त्यांनी त्याचं नाव कंसात लिहिलं होतं. ही पद्धत गुरुजींनी लावलेली. “ज्यानं सांगितलं त्याचं नाव पाहिजे,” एवढंच ते म्हणाले.

गेटच्या आतलं रान

ताडोबा १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, अंधारी अभयारण्य १९८६चं, आणि १९९५ साली दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प झाला. पुढे त्याला बफर जोडलं गेलं आणि सुमारे ऐंशी गावं त्या रेषेत आली. चंद्रपूर जिल्ह्यात आज दोनशेहून जास्त वाघ आहेत आणि त्यांतले बरेचसे ताडोबाच्या बाहेर, गावं, शेतं, कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्राच्या आसपास वावरतात. देशभरातून लोक हजारो रुपये मोजून मोहर्ली, कोलारा, नवेगावच्या गेटांवर येतात. रस्त्याच्या कडेला शाळेत निघालेली पोरं त्या जिप्सींना हात करतात. गंमत अशी, की यांतल्या बऱ्याच पोरांनी गेटच्या आतलं रान कधी पाहिलेलं नसतं. त्यांच्या आजोबांनी तिथे गुरं चारली, ताडोबा तलावाकाठच्या तारू देवाला नवस फेडले. नातवाला मात्र तिकिटाशिवाय आत जागा नाही.

व्याघ्र प्रकल्पानं ‘चला माझ्या ताडोबाला’ हा उपक्रम सुरू केला तो बफरमधल्या शाळांसाठी. मुलांना माहिती केंद्रात आणायचं, खेळ, चित्रफिती, गप्पा, आणि मग सफारी. नाव ठेवणाऱ्यानं विचार केलेला दिसतो. ‘माझ्या’ हा शब्द त्यात नसता तर ती एक फुकटची सहल झाली असती.

सफारी करून आलेल्या मुलांशी मी बोललो तेव्हा वाघ दिसला का, हा प्रश्न मुद्दाम टाळला. तरी त्यांनी सांगितलंच, आणि वेगळ्याच सुरात. एक मुलगी म्हणाली, आतला वाघ पळत नाही. गाडी बघून उठत नाही, जांभई देते आणि पुन्हा झोपते. तिनं याआधी पाहिलेला वाघ म्हणजे संध्याकाळी रस्ता ओलांडताना, बाबांच्या मोटारसायकलच्या दिव्यात एक क्षणभर दिसलेली पाठ. वाघ झोपतो, कंटाळतो, पिल्लांच्या चापट्या खातो, हे तिला नवीन होतं. भीती त्यामुळे जात नाही, जाऊही नये. पण ज्याची नुसती भीती वाटते त्याच्याविषयी माणूस काहीही ऐकून घेतो. वनविभागानं गाडीतून वाघ आणून सोडले, ही अफवा इथे प्रत्येक गावात आहे. वाघीण आपल्या वाढलेल्या बछड्यांना हाकलते, त्यांना नवी जागा शोधावी लागते, आणि ती जागा कधीकधी आपली बांधी असते, एवढं कळलेलं पोर घरी जाऊन त्या अफवेला प्रश्न विचारू लागतं. घरचे ऐकतात असं नाही.

दुसरी गोष्ट मुलांना भावते ती गाइडची. पुढच्या सीटवर बसलेली, गणवेशातली बाई त्यांच्याच शेजारच्या गावची असते. ताडोबात महिला गाइड आहेत, महिला जिप्सी चालकही आहेत. मोठं झाल्यावर काय होणार, या प्रश्नाला पूर्वी पोलीस आणि मॅडम अशी दोन उत्तरं यायची. आता तिसरं येतं.

घरून आणलेला अभ्यास

वैनगंगा ओलांडली की गडचिरोली. १९८२ साली चंद्रपुरातून वेगळा झालेला हा जिल्हा आजही बहुतेक रानच आहे. इथे मुलांना जंगल ‘शोधायला’ लावणं हा प्रकार जरा अवघडच. पावसाळ्यात बांबूचे वास्ते कुठे फुटतात, वारुळावरच्या सात्या (अळिंब्या) कुठल्या पावसानंतर येतात, चारं (चारोळीची फळं) कधी पिकतात, हे सहा-सात वर्षांच्या पोराला माहीत असतं. शाळेत मात्र ते याविषयी अवाक्षर काढत नाही, कारण ते सगळं त्याच्याकडे गोंडीत किंवा माडियात असतं आणि शाळा मराठीत चालते. शिवाय घरचं ते अडाण्यांचं आणि पुस्तकातलं ते शहाण्यांचं, ही समजूतही खोल बसलेली.

राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात गडचिरोलीतल्या बायांनी झाडांविषयी सांगितलेलं साठवलेलं आहे. औषध, खाणं, सण, बाळंतपण, सगळं झाडाशी बांधलेलं. असं ज्ञान प्रत्येक गावात आहे, पण बहुतेक वेळा त्याची पाटी-पेन्सिलीशी गाठ पडत नाही. धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावानं ही गाठ मोठ्या माणसांपासून घातली. ग्रामसभेबरोबर तिथे अभ्यासगट चालत. त्यांतला एक होता मधाचा. पोळं जाळून मध काढण्याऐवजी मधमाश्या जगवून तो कसा काढावा, याचा अभ्यास लोकांनी बसून केला. २००९ साली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत मेंढा आहे. आपलं रान आपल्याकडे आल्यावर त्यात काय काय आहे, हे लिहून ठेवणं ओघानंच येतं.

२००२च्या जैवविविधता कायद्यानं प्रत्येक ग्रामपंचायतीला लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितली. शाळेतल्या मुलांनी गावाच्या परिसराचा खरा अभ्यास करावा आणि तो या नोंदवहीत जावा, हा आग्रह परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी सातत्यानं धरला. पुष्कळ ठिकाणी नोंदवह्या ठेकेदारी पद्धतीनं, शेजारच्या गावाची नक्कल करून भरल्या गेल्या, हे उघड गुपित आहे. पण एखादा शिक्षक मनावर घेतो तेव्हा काय होतं ते एका शाळेत पाहिलं. मुलांना काम एवढंच दिलेलं: घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून रानातल्या पाच गोष्टी लिहून आणा, ज्या तुमच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकात नाहीत. नाव घरी ज्या भाषेत म्हणतात त्याच भाषेत लिहायचं. एकीनं आणलेलं पान असं होतं: झाड मोह. फूल कधी, फळ कधी, कोण खातं. ‘कोण खातं’ या रकान्यात तिनं लिहिलं होतं: अस्वल, हरण, वटवाघूळ, मुंगी, गाय, आजोबा. आजोबांपुढे कंसात ‘पितात’.

गुरुजींनी ते खोडलं नाही. मीही खोडलं नसतं.

गलोल

या विषयावर लिहिताना एक गोष्ट गाळायची पद्धत पडली आहे, ती म्हणजे शिकार. गडचिरोलीतल्या पोरांच्या गळ्यात गलोल असते. खार, होला, तितर, जे मिळेल ते पाडलं जातं आणि खाल्लं जातं. रोजच्या जेवणात भात, आंबील आणि भाजी असलेल्या घरात ते मांस असतं, मौज नसते. शहरातून आलेला कार्यकर्ता वर्गात उभा राहून ‘पक्षी आपले मित्र’ म्हणतो तेव्हा मुलं मान डोलावतात आणि शाळा सुटल्यावर मित्राला भाजतात.

भामरागडजवळच्या हेमलकशात हा प्रश्न अर्धशतकापूर्वीच उभा राहिला. १९७३ साली बाबा आमटे यांनी लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि प्रकाश व मंदाकिनी आमटे तिथे राहिले. शिकार करून परतणाऱ्या माडियांकडे मेलेल्या माकडिणीला बिलगलेलं जिवंत पिल्लू दिसलं. प्रकाश आमटे यांनी ते मागून घेतलं. तुमची शिकार तुम्ही करा, पण पिल्लू राहिलं तर ते आम्हाला द्या, बदल्यात धान्य देऊ, असा व्यवहार पुढे चालला. त्यातून प्राण्यांचं अनाथालय उभं राहिलं. बिबटे, अस्वलं, तरस, साळिंदर, मगरी असा त्याचा पसारा होत गेला. ‘रानमित्र’ या पुस्तकात त्यांच्या कथा आहेत.

अनाथालयाइतकंच महत्त्वाचं म्हणजे १९७६ साली सुरू झालेली आश्रमशाळा त्याच आवारात होती. आधी ज्याला भाला रोखून पाहिलं त्याच प्राण्याला दूध पिताना पाहत तिथली मुलं वाढली. उपदेश न करता देवाणघेवाण केली, आणि परिणाम डोळ्यांसमोर ठेवला, हे त्या पद्धतीचं बळ वाटतं. ती जशीच्या तशी दुसरीकडे उचलता येणार नाही, कायदाही आता परवानगी देणार नाही. पण भुकेचा विचार आधी आणि निसर्गपाठ नंतर, हा क्रम सगळ्यांनी घ्यावा असा आहे.

मेलेली गाय आणि उडणारं गिधाड

वाघ सगळ्यांचा, गिधाडाला कुणी वाली नसतो. पांढऱ्या पाठीची आणि लांब चोचीची गिधाडं देशातून नव्वद टक्क्यांहून जास्त संपली ती गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामक औषधामुळे. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होतात. २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद झालं. गडचिरोलीत गिधाडं तग धरून राहिली आणि वनविभागानं तिथे गिधाडांसाठी ‘उपाहारगृहं’ उभारली. कुंपण घातलेली जागा, तिथे औषधाचा अंश नसलेलं मेलेलं जनावर आणून ठेवायचं. गिधाडांचे दिवस साजरे होतात, शाळांच्या प्रभातफेऱ्या निघतात. प्रभातफेरी या प्रकारावर माझा फारसा विश्वास नाही. पण या विषयात मुलं खरोखर उपयोगी पडतात, कारण गुराख्याचं पोर घरी विचारू शकतं: बैलाला टोचलेलं औषध कोणतं होतं?

२०२४च्या जानेवारीत हरियाणातल्या पिंजोरच्या प्रजनन केंद्रातून दहा पांढऱ्या पाठीची गिधाडं ताडोबातल्या बोटेझरीला आणली गेली. काही महिने मोठ्या पिंजऱ्यात ठेवून ऑगस्टमध्ये, पाठीवर जीपीएस बसवून त्यांना सोडण्यात आलं. त्यांतलं एक उडत उडत तमिळनाडूत पोचलं. भूगोलाच्या तासाला एका वर्गात भिंतीवरच्या नकाशावर त्या गिधाडाचा मार्ग दोरा लावून दाखवला होता. महाराष्ट्राच्या सीमा, नद्या, राज्यं, सगळं त्या दोऱ्याच्या निमित्तानं. दोरा तमिळनाडूला पोचल्यावर एका मुलानं विचारलं होतं, त्याला तिथे मेलेली गाय कोण दाखवतं? गुरुजी म्हणाले, चांगला प्रश्न आहे, आणि फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला. मी गेलो तेव्हा तो तसाच होता.

आजीलाही ठाऊक नसलेला प्राणी

२०२१च्या ऑक्टोबरात छत्तीसगडकडून रानहत्तींचा कळप गडचिरोलीत शिरला. कोरची, कुरखेडा, धानोरा, आरमोरी, धान पिकतो तिथे तिथे ते फिरले. हत्ती म्हटला की इथल्या लोकांना आठवायचे ते कमलापूरच्या कॅम्पातले, वनविभागाचे, एकेकाळी लाकूड ओढणारे. रानहत्ती कुणी पाहिलेला नव्हता. वाघाबाबत म्हातारी माणसं चार गोष्टी सांगू शकतात. हत्तीबाबत आजी आणि नात एकाच इयत्तेत.

त्यामुळे या एका विषयात शाळेचं पारडं जड झालं. कळपाची पुढारीण म्हातारी मादी असते, पिल्लू मधे असतं, वासावर हत्ती कुठवर येतात, हे मुलांनी शाळेत ऐकून घरी सांगितलं. घरात साठवलेलं मोहफूल आणि त्याची दारू हत्तीला ओढून आणते, भिंत पाडून तो ते खातो. हे ऐकून ज्या घरांतून मोहाचे डबे हलले, तिथे ते हलवायला लावणारं बहुधा शाळकरी पोरच होतं. मोबाइलवर व्हिडिओ काढायला जवळ जाणाऱ्या काकांना अडवण्याचं काम मात्र त्यांच्याच्यानं झालेलं नाही.

आठवडे, रंगपेट्या आणि बदल्या

सरकारी पत्रिकेत निसर्गाचे दिवस भरपूर आहेत. १ ते ७ ऑक्टोबर वन्यजीव सप्ताह. ५ नोव्हेंबरला मारुती चितमपल्ली यांचा जन्मदिवस आणि १२ नोव्हेंबरला सालिम अली यांचा, म्हणून २०२० पासून राज्यात त्यादरम्यान पक्षी सप्ताह. शाळांत राष्ट्रीय हरित सेना आहे. या सगळ्यांतून सर्वांत जास्त निघतात ती चित्रं. हिरवा डोंगर, निळी नदी, पिवळा वाघ, खाली ‘वाघ वाचवा’. बक्षीस नेहमी सर्वांत सुबक वाघाला. एका शाळेत एका पोरानं वाघाऐवजी शेणकिडा काढला होता, शेणाच्या गोळीला मागच्या पायांनी ढकलणारा, डोकं खाली. त्याला उत्तेजनार्थही मिळालं नाही. परीक्षक बाहेरचे होते.

अडचण शिक्षकांच्या बदल्यांचीही आहे. एक शिक्षक पाच-सात वर्षं राहतो, मुलांना वह्या लावतो, पायांचे साचे कपाटात जमतात. त्याची बदली होते, नवे येतात, त्यांना साप दिसला तरी घाम फुटतो, आणि कपाटाला कुलूप लागतं. ज्या दोन-तीन गावांत काम टिकलेलं पाहिलं, तिथे ते शिक्षकापेक्षा गावातल्या कुणाच्या तरी हाती होतं: एखादी गाइड, एखादा वनमजूर, वनहक्क समितीतला एखादा तरुण.

आणि पक्षी सप्ताहाचं काय? दिवाळी पुढेमागे झाली की तो अनेकदा सुट्टीतच जातो. सुट्टी नसली तरी भारी धानाची कापणी असते, निम्मी पोरं बांधीत. वडशाकडे झाडीपट्टीची नाटकं सुरू झालेली असतात, गावोगाव मंडई भरते, रात्रभर जागलेली पोरं सकाळी शाळेत पेंगतात. एका मुख्याध्यापिकेनं यावर साधा उपाय काढला आहे. त्या अहवाल नोव्हेंबरात पाठवतात आणि सप्ताह डिसेंबरात घेतात, कापणी संपल्यावर, गावच्या मामा (माजी मालगुजारी) तलावावर. तोवर थापट्या, तलवार बदकं आणि चक्रवाक येऊन स्थिरावलेले असतात. ही बदकं दहा वाजतादेखील पाण्यावर असतात, त्यासाठी पहाटे उठायला लागत नाही. अहवालाच्या तारखेचं काय करता, असं मी विचारलं. “पक्ष्यांनी तक्रार केली नाही जी अजून,” बाई म्हणाल्या, आणि पोरांना डबे आवरायला सांगितले.